शाळा सोडवायच्या आधी दहा ते एक घरात कोण असतं ते बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सात वर्षांची, दुसरीत, शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं म्हणते आणि रविवारी दुखत नाही. नवरा मकरपुऱ्याला कंपनीत शिफ्टला, सासूबाई तुमच्याजवळ, तू घरूनच ब्लाऊज-ड्रेस शिवतेस. आता हिला शाळेतून काढून घरीच शिकवावं का, सिलॅबस कुठला, कायद्यात बसतं का, दहावीचं काय आणि सासूबाईंना कसं समजवायचं, एवढं सगळं एका दमात विचारलंयस. मी वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना. सहा वर्षं बालवाडीत शिकवलं, मग माझी दोन्ही मुलं घरी शिकवली, मोठी आता कॉलेजात आहे, धाकटा ओपन बोर्डातून, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्यातून, बारावीची तयारी करतोय, आणि आपल्या बडोद्यातल्या बऱ्याच घरांना सुरुवात करून दिलीये, काहींना नको करू असंही सांगितलंय.

आधी पोटदुखीचं. मुलांच्या डॉक्टरांना दाखव, ते तर आहेच, पण तिला हेही विचार की दिवसभरात शाळेच्या बाथरूमला जातेस का. मी बालवाडीत असताना कितीतरी मुली बघितल्या, बाथरूम घाण म्हणून पाणीच पीत नाहीत, दुपारी घरी येईपर्यंत दाबून ठेवतात. कुणाला डबा खायला वेळ पुरत नाही, कुणाला रिक्षातला एखादा मोठा मुलगा चिमटे काढतो. यातलं काही निघालं तर ते बाईंशी बोलून, रिक्षा बदलून सुटतं, त्यासाठी शाळा सोडवायची गरज नाही. थेट विचारलंस तर सांगणार नाही, रात्री केसांना तेल लावताना विचार, तेव्हा बोलतात.

आता ते नसेल आणि खरंच घरी शिकवायचं मनात असेल तर माझा पहिला प्रश्न सिलॅबसचा नसतोच. मी विचारते, सकाळी दहा ते दुपारी एक तुमच्या घरात कोण असतं आणि काय करत असतं. हे तीन तास ज्या घरात एक मोठं माणूस हाताशी आहे, म्हणजे शेजारी बसून शिकवतंय असं नाही, आपलं काम करतंय पण मुलाने हाक मारली तर ओ देतंय, त्या घरात घरशिक्षण चालतं. आई हुशार आहे पण दहा ते एक फोनवर मीटिंगमध्ये आहे, तिथे नाही चालत, मग कितीही महागडा ऑनलाइन कोर्स घ्या. मुलगी हुशार आहे की नाही यावर हा निर्णय अवलंबून नाही, घर कसं चालतं यावर आहे. तुझ्या बाबतीत जमेची गोष्ट ही की तू घरात आहेस आणि हातात एक खरं काम आहे. अडचणीची गोष्ट ही की नवरात्रीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई या दिवसांत तुला मान वर करायला वेळ नसेल, ते आत्ताच धरून चाल, त्या दिवसांत शिकवणार कोण हे आधी ठरव.

मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती तू करू नकोस. मी घरातच शाळा उघडली. भिंतीला फळा, पावणेदहाला प्रार्थना, पंचेचाळीस मिनिटांचे तास, टाइमटेबल लॅमिनेट करून फ्रिजवर. मुलगी तेव्हा तुझ्या मुलीएवढीच. तीन आठवड्यांत ती रडायला लागली आणि मी ओरडायला लागले, कारण पोळ्या, धुणं, भाजीवाला, सासऱ्यांची औषधं हे सगळं त्या तासांच्या मधे येत होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की घर शिकवण्यात अडथळा आणतंय. अर्ध्या वर्षाने एकदाचं डोक्यात उजेड पडला की घरातलं काम चाललंय त्यातच शिकणं घालायचं आहे. तेव्हा फळा उतरवला.

कसं ते एका उदाहरणाने सांगते, कारण हे नुसतं बोलून पटत नाही. आमच्याकडे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या येतात, रोज दोन, जास्तीच्या घेतल्या की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात टिंबं करायची. मुलगी आठ वर्षांची झाल्यावर हा हिशोब तिच्याकडे दिला. ऑक्टोबर महिना, ३१ दिवस, म्हणजे ६२ पिशव्या. चार दिवस गावाला गेलो होतो, ८ गेल्या, राहिल्या ५४. दोन एकादश्यांना एकेक जास्त, ५६. एक दिवस पाहुणे, दोन जास्त, ५८. दूधवाले काका म्हणाले ६०. सासूबाई लगेच म्हणाल्या की बघ, फसवतो. मुलगी काहीच बोलली नाही, मागच्या गॅलरीत गेली. सासूबाई रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी साठवतात, तो गठ्ठा काढून तिने खाली फरशीवर दहा-दहाचे ढीग लावले. सहा ढीग झाले. मग कॅलेंडरसमोर स्टुलावर उभी राहून एकेक चौकोन बोटाने बघत गेली आणि कोजागिरीपाशी थांबली. मसाला दुधाला दोन पिशव्या जास्त घेतल्या होत्या आणि टिंब करायला आम्ही विसरलो होतो. काका बरोबर होते. यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार झाला ते सोड, पण आपलं उत्तर आणि समोरच्याचं उत्तर जुळत नसेल तर तिसऱ्या कुठल्या गोष्टीवरून ताडून बघायचं हे त्या दिवशी ती शिकली. मी हे कुठल्या वर्कशीटने शिकवलं असतं मला खरंच सांगता येत नाही. तुझ्याकडे तर मेजरटेप आहे, कापडाचा पन्ना आहे, चार मीटरच्या घागऱ्यात किती कळ्या बसतात हे आहे, भूमिती आणि अपूर्णांक रोज तुझ्या मशीनखाली पडलेले असतात. तिच्यासाठी छोटी कात्री आण आणि चिंध्यांपासून सुरू कर.

वाचनाचं मात्र तसं आपोआप होत नाही, ते रोज वीस मिनिटं बसवून करावं लागतं, त्यात सुट्टी नको. आणि आपल्या इथल्या मराठी मुलांचं एक वेगळंच असतं, घरात मराठी, बाहेर गुजराती, पुस्तकं इंग्रजी, टीव्ही हिंदी. पालक घाबरतात की गोंधळ होईल. एक भाषा नीट वाचता आली की बाकीच्या मागून येतात, ती एक मराठी ठेव, कारण झोपताना गोष्ट तू मराठीत सांगणार आहेस. माझा धाकटा मराठी वाचायला लागला तेव्हा रस्त्यावरच्या गुजराती पाट्या तसाच वाचायचा. दांडिया बाजारात एका चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मोठ्या अक्षरात चा लिहिलेलं होतं, गुजरातीतला च आपल्या य सारखा दिसतो, त्याने वाचलं या. मला म्हणाला, आई, ते काका सगळ्यांना या म्हणतायत. मी त्याला चुकलास म्हटलं नाही, तिथेच चहा घेतला आणि काकांनाच विचारायला लावलं की काय लिहिलंय. त्या आठवड्यात त्याने वहीत दोन रकाने करून कुठली अक्षरं नुसती शिरोरेघ काढली की जुळतात आणि कुठली वेगळी ती यादी केली, महिन्याभरात गुजराती वाचत होता.

कायद्याचं विचारलंस. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण नाही घातलं तर पालकांना अमुक शिक्षा असं त्या कायद्यात लिहिलेलं नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही वेगळं कलम नाही. त्यामुळे भरायला फॉर्म नाही, नोंदणी नाही, आणि तुला कुणी होमस्कूलिंगचं सरकारी सर्टिफिकेट काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस. उलट या कायद्याचा एक मोठा आधार आहे. चौथ्या कलमानुसार आठवीपर्यंत मूल वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश घेऊ शकतं, आणि पाचव्यात म्हटलंय की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे परतीचं दार उघडं आहे. प्रत्यक्षात खाजगी शाळा कुरकुर करतात. आम्ही मुलीला मधे एक वर्ष शाळेत घालून बघायचं ठरवलं तेव्हा एका शाळेने मागचे रिझल्ट नाहीत म्हणून दारातूनच परत पाठवलं, दुसरीने तासभर बसवून तिचं वाचन-गणित बघितलं आणि घेतलं. म्हणून शाळा सोडताना दाखला, शेवटचा रिझल्ट, जन्माचा दाखला, आधार, सगळं एका फाइलमध्ये ठेव, आणि दर वर्षी तिच्या वह्यांमधली काही पानं तारीख घालून त्याच फाइलमध्ये लावत जा. दाखवायला हातात काहीतरी असलं की बोलणं सोपं होतं.

सासूबाईंचं. माझ्या सासूबाईंनी मला काय ऐकवलं माहितीये, बडोद्यात राहून तू हे करतेस? महाराजांनी पोरांना शाळेत न पाठवणाऱ्यांना दंड केला होता. आणि त्या खरंच बोलत होत्या. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, देशात दुसरीकडे कुठे नव्हतं तेव्हा. मी त्यांच्याशी वाद नाही घातला, कारण ज्या घरातली मुलगी शाळेअभावी गुरांमागे किंवा चुलीपाशीच राहिली असती तिच्यासाठी ती सक्ती देवासारखी धावून आली आणि आजही शाळा हाच बहुतेक मुलांचा आधार आहे, हे मी मनापासून मानते. पण त्याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून सेंट्रल लायब्ररी उभी केली, गावोगावी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. मांडवीजवळच्या त्या लायब्ररीत मी दोन्ही मुलांना आणि सासूबाईंना दर शनिवारी नेत असे. पुस्तकांचे लोखंडी घोडे, काचेची जमीन, वरून चालणाऱ्याची सावली खाली दिसते, मुलं खुळावतात. चार शनिवारांनंतर सासूबाई नातवाच्या आधी तयार व्हायला लागल्या, स्वतःसाठी मराठी पुस्तकं आणू लागल्या, दुपारी दोघं शेजारी-शेजारी वाचत पडायची. मला तेव्हा समजलं की त्यांना भीती होती ती पोरगं रिकामं बसेल याची. ते बसत नाही हे दिसलं आणि त्या शांत झाल्या. तुझ्या सासूबाईंना नुसती परवानगी मागू नकोस, त्यांच्याकडे एक विषय दे. गोष्टी, श्लोक, पापड-कुरडया, पाढे, पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, येत असतील तर फारच छान. आणि त्यांनी शिकवलेल्यात आपण मधे बोलायचं नाही.

नवऱ्याचं काम वेगळं काढून दे. माझ्या मिस्टरांना दुसरी शिफ्ट असली की सकाळ मोकळी असायची, तेव्हा सायकल, प्लग, नळाचा वायसर, टेस्टर हा त्यांचा विषय. त्या दिवशी मी तिकडे फिरकतसुद्धा नसे, आणि तो माझा विश्रांतीचा वेळ होता. हे फार महत्त्वाचं आहे गं, कारण या सगळ्यात जी पहिली मोडते ती आई. रात्री नऊनंतर मुलांचं काहीही शिकवायचं नाही असा नियम कर. आठवड्यातून एक दुपार तू घराबाहेर जा, एकटी.

बाहेरचं शिक्षण म्हणशील तर बडोद्यात काय कमी आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांहून लांब. आम्ही तो पावलांनी मोजला, मुलाने पावलं वहीत लिहिली, घरी येऊन एका पावलाची लांबी मोजपट्टीने घेतली आणि सोसायटीच्या रस्त्यावर खडूने मासा काढला. गेटपासून तिसऱ्या बंगल्याच्या ओट्यापर्यंत गेला, सगळ्या सोसायटीची मुलं त्याच्या पोटात झोपून बघत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी रस्त्यावर आल्या तेव्हा पाणी उतरेपर्यंत शेजारची पोरं आमच्याकडेच होती, मगर शहरातल्या नदीत कशी, अंडी कुठे घालते, पूर कशाने येतो, नदीकाठी बांधकाम झालं की पाणी कुठे जाणार, सगळं तेव्हा बोलून झालं.

एकटी पडेल का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपोआप मिळत नाही. शाळेत मित्र आयते मिळतात, इथे आईला मेहनत करावी लागते. रोज संध्याकाळी पाच ते सात खाली खेळायला जायचंच, पाऊस सोडून. आणि आठवड्यातून दोनदा तरी असं काहीतरी जिथे दुसरं मोठं माणूस शिकवतं आणि तिला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, कथक, पोहणं, तबला, खो-खो, काहीही. हे नाही केलंस तर दहाव्या-अकराव्या वर्षी त्रास दिसतो, मी दोन घरांत बघितलाय.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या धाकट्याला चष्मा लागला होता हे मला आठव्या वर्षापर्यंत कळलंच नाही. शाळेत फळ्यावरचं दिसत नसलं की बाईंच्या लक्षात येतं, आमच्याकडे फळा उतरवून ठेवलेला. पुस्तक नाकाशी धरायचा, मला वाटायचं रमलाय. लायब्ररीत लांबून घड्याळ वाचायला सांगितलं तेव्हा म्हणाला, कुठलं घड्याळ. मी त्या रात्री झोपले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते, दर वर्षी डोळे, कान, दात तपासायचे, वजन-उंची लिहून ठेवायची आणि शाळेत मिळणाऱ्या लशी आपण लक्षात ठेवून घ्यायच्या. आणि वाचन आठव्या वर्षापर्यंत अजिबात पकडत नसेल, अक्षरं सतत उलटी होत असतील, तर होईल हळूहळू म्हणून थांबायचं नाही, तज्ज्ञांना दाखवायचं.

दहावीची काळजी आत्ता करू नकोस पण माहिती असू दे. एनआयओएस हे केंद्र सरकारचं ओपन बोर्ड, १९८९ चं. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, माझ्या मुलीने आधी दोन काढले मग तीन. असाइनमेंटचे २० टक्के असतात, ते वेळेत भरायचे, लोक तिथेच हलगर्जी करतात. मराठी विषय म्हणून घेता येतो, पेंटिंग, होम सायन्स आहेत. फक्त पुढे सायन्सला जायचं असेल तर गणित-विज्ञान सोडू नका, आणि जेईईला ओपनच्या मुलांना बारावीत पाच विषय लागतात हे आधीच लक्षात ठेवा. तोपर्यंत सिलॅबस कुठला तर एनसीईआरटीची पुस्तकं, नेटवर फुकट आहेत, वर्षातून दोनदा पुस्तक उघडून काय राहिलंय ते बघायचं, एवढाच त्याचा उपयोग. खर्चाचं म्हणशील तर लायब्ररी, एक क्लास, कागद-रंग, बस. मोबाइल अॅपची वर्षाची वर्गणी घेऊ नकोस, सातव्या वर्षी नाहीच.

कुणी करू नये हेही सांगते. नवरा-बायकोचं यावर एकमत नसेल तर नको, मूल त्या ओढाताणीत भरडतं. घरात कुणी दीर्घ आजारी असेल आणि सगळा भार एकीवरच असेल तर नको. आणि तुला स्वतःला मुलांसोबत दिवसभर राहून गुदमरायला होत असेल तर अजिबात अपराधी न वाटता शाळा चालू ठेव, संध्याकाळी दूध-पिशव्यांचा हिशोब शाळेत जाणारी मुलंही करू शकतात.

आता लगेच दाखला काढू नकोस. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची असते. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, की उरलेले दिवस धर, ऑर्डर कमी घे आणि तसंच राहून बघ जसं तू शाळा सोडल्यावर राहशील. एक वही कर. दहा ते एक कोण घरात होतं, तिने स्वतःहून काय केलं, तू किती वेळा आवाज चढवलास, मशीनवर किती काम झालं, आणि पोटात दुखलं का, रोज रात्री चार ओळी, सासूबाईंनाही त्यांच्या दोन ओळी लिहायला सांग. शाळा उघडायच्या आदल्या रात्री तिघं बसून ती वही वाचा, आणि मग मला त्यातलं काय निघालं ते लिही.